सहाव्या वर्षाची दाढ

मृगाच्या सरी सुरू झाल्या, की रत्नागिरी जिल्ह्यातील शाळांची दारे पुन्हा उघडतात. मंडणगडपासून राजापूरपर्यंत डोंगरउतारावरच्या वाड्यावाड्यांतून सहा वर्षांची मुले नवे दप्तर पाठीला लावून पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. त्यांची नावे हजेरीपटावर चढतात, जन्मतारखा तपासल्या जातात, वजन आणि उंचीही मोजली जाते. याच सुमारास यांतील बहुतेक मुलांच्या तोंडात चार नव्या दाढा येऊ लागतात. त्यांची नोंद मात्र कोठेही होत नाही. घरच्यांना त्या दिसत नाहीत, मुलाला जाणवत नाहीत आणि दुखू लागेपर्यंत त्यांचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

मुलांच्या दातांचे प्रश्न म्हणजे किडलेला दात आणि रात्रीचे रडणे, एवढाच समज सर्वत्र आढळतो. दात केव्हा उगवतात, कोणत्या क्रमाने उगवतात आणि वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट बसतात की नाही, हा विषय शहरातील सधन कुटुंबांचा मानला जातो. वस्तुतः वाकडे दात ही केवळ रूपाची बाब नाही. घास नीट चावणे, शब्द स्पष्ट उच्चारणे, दात स्वच्छ ठेवता येणे आणि पडताझडताना ते न मोडणे, या सर्व गोष्टी दातांच्या ठेवणीवर अवलंबून असतात. ही ठेवण बिघडण्याची अनेक कारणे सहा ते दहा या वयात, म्हणजे प्राथमिक शाळेच्या वर्षांत, नुसत्या डोळ्यांना दिसू शकतात.

वीस आणि बत्तीस

बालकाचा पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि तिसऱ्या वर्षाच्या आत दुधाचे वीस दात पूर्ण होतात. यांत काही महिन्यांचा फरक पडणे स्वाभाविक आहे. वरचे दात आधी आले, तर ते मामाला वाईट, अशी समजूत आजही काही घरांत ऐकू येते. तिला कोणताही आधार नाही. क्रमातील असा लहानसा बदल निरुपद्रवी असतो.

पुढील वाटचाल सर्वसाधारणपणे अशी असते :

सहा ते सात वर्षे : शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते, खालचे मधले दोन पटाशीचे दात पडून नवे येतात.

सात ते नऊ वर्षे : वरचे मधले आणि नंतर बाजूचे पटाशीचे दात बदलतात.

नऊ ते बारा वर्षे : सुळे आणि दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी कायमचे सुळे व उपदाढा येतात. वरचा सुळा बहुधा उशिरा, अकराव्या-बाराव्या वर्षी उतरतो.

बारा ते तेरा वर्षे : दुसरी कायमची दाढ येते. अक्कलदाढ सतराव्या वर्षानंतर केव्हाही येते आणि कित्येकांना येतही नाही.

मुलींचे दात मुलांच्या तुलनेत थोडे आधी येतात. कायमचा दात दुधाच्या दाताच्या मुळाखाली तयार होत असतो. तो वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू झिजते, दात हलू लागतो आणि एके दिवशी पडतो. पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही, त्याचे कारण हेच. तो दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकण्याची गंमत काही घरांत अजूनही चालते. तिला हरकत नाही. मात्र दात आपोआप हलण्यापूर्वी दोरा बांधून ओढून काढण्याची घाई करू नये.

हजेरीपटावर नसलेली दाढ

या सर्व घडामोडींत सर्वाधिक महत्त्वाची आणि सर्वाधिक उपेक्षित अशी गोष्ट म्हणजे सहाव्या वर्षाची दाढ. ती येण्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, जबड्याच्या नव्याने वाढलेल्या जागेत ती गुपचूप उगवते. त्यामुळे ती दुधाचीच आहे, पडून पुन्हा येईल, असे पालक धरून चालतात. ती किडली तर उपचार करण्याऐवजी काढून टाकण्याचा आग्रह धरतात आणि ती पुन्हा येत नाही, हे ध्यानात येते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

ही दाढ लवकर किडण्याची कारणेही समजून घेण्यासारखी आहेत. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि त्यांत अन्नाचे कण अडकतात. नुकत्याच उगवलेल्या दाताचे दंतवल्क पुरते पक्व झालेले नसल्याने पहिली दोन-तीन वर्षे त्याला किडीचा धोका अधिक असतो. शिवाय पूर्ण वर येईपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा खोल असते, आणि मुलाचा ब्रश तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

दंतवैद्यकात या दाढेला किती मान आहे, हे एका गोष्टीवरून दिसते. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या ठेवणीतील दोषांचे जे तीन वर्ग मांडले, ते वरच्या व खालच्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरूनच. ते वर्ग आजही वापरले जातात. जणू या चार दाढा म्हणजे घराचे चार कोपऱ्यांचे खांब. त्यांच्या आधारानेच बाकीच्या दातांची रांग उभी राहते.

दातांचा आणि वयाचा हा मेळ पूर्वी वेगळ्याच कामी आला होता. इंग्लंडमध्ये कारखान्यांतील मुलांची खरी वये ठरविण्यासाठी दातांचा आधार घ्यावा, असे एडविन सॉन्डर्स यांनी १८३७ साली पुस्तिका लिहून सुचविले. हिंदुस्थानात १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षांवर नेली. मुंबईच्या ज्या गिरण्यांना हे कायदे लागू झाले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या कामगारांची संख्या मोठी होती. आज मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदाही सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. मुलाचे सहावे वर्ष आता गिरणीऐवजी शाळेचे झाले आहे. तेव्हा त्याची दाढही शाळेच्याच नजरेखाली यावी, हे उचित ठरेल.

जागा राखणारे दात

‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. पण दुधाचे दात केवळ चावण्यासाठी नसतात. येणाऱ्या दातासाठी ते जागा राखून ठेवतात. एस. टी. च्या गाडीत खिडकीजवळच्या बाकावर रुमाल टाकून ठेवावा, तसेच हे आहे. रुमाल उचलला गेला, की दुसरा कोणीतरी त्या जागेवर सरकणारच.

उदाहरणादाखल संगमेश्वर तालुक्यातील एखाद्या वाडीतील सात वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. वडील मुंबईस नोकरीला, घरी आई आणि आजी. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कामासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांचे प्रतिबिंब या आकड्यात दिसते. या मुलीची खालची मागची दुधाची दाढ किडून ठणकू लागते. ऐन लावणीचे दिवस असतात. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून काही दिवस ढकलले जातात आणि अखेर दाढ काढली जाते. दुखणे थांबते आणि प्रकरण मिटले, असे सर्वांना वाटते.

प्रत्यक्षात प्रकरण तेथूनच सुरू होते. मोकळ्या झालेल्या जागेकडे सहाव्या वर्षाची दाढ पुढे कलू लागते. जागा कमी होण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत अधिक असतो. त्या दुधाच्या दाढेखालची उपदाढ दहाव्या-अकराव्या वर्षी येण्यास निघते, तेव्हा तिला वाट उरलेली नसते. ती जिभेच्या बाजूस वळते किंवा हाडातच अडकून राहते. वरच्या जबड्यात असे घडले, तर बहुधा शेवटी येणारा सुळा रांगेबाहेर, गालाच्या बाजूस उंच राहतो. बाराव्या वर्षी दिसणाऱ्या वाकड्या सुळ्याचे कारण कित्येकदा सातव्या वर्षी गेलेल्या दुधाच्या दाढेत असते.

ही दाढ वेळीच भरून वाचविता आली असती. काढावीच लागली असती, तरी जागा राखण्यासाठी तारेची साधी कडी दंतवैद्य बसवू शकले असते. तिचा खर्च आणि श्रम पुढील काळात दात सरळ करण्यासाठी दोन-दोन वर्षे चालणाऱ्या उपचारांच्या मानाने अल्प असतात.

असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ या काळात केलेल्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे.

काय स्वाभाविक, काय नाही

दात बदलण्याच्या वयात मुलाचा चेहरा काही काळ विचित्र दिसतो. त्यातील सर्वच गोष्टी दोष नसतात. त्यामुळे कशाची चिंता करावी आणि कशाची करू नये, हे शिक्षकांनी व पालकांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दुधाच्या दातांत फटी असणे हे शुभचिन्ह समजावे. नवे दात दुधाच्या दातांपेक्षा रुंद असतात आणि या फटी त्यांच्या उपयोगी पडतात. उलट मोत्यांच्या माळेसारखे घट्ट बसलेले दुधाचे दात पाहून घरचे हरखतात, पण पुढे दाटी होण्याचा संभव अशाच मुलांत अधिक असतो.

सहाव्या-सातव्या वर्षी खालचे नवे पटाशीचे दात दुधाच्या दातांमागून उगवून दोन रांगा दिसू लागतात. पालक घाबरतात, परंतु बहुधा दुधाचे दात लवकरच पडतात आणि जीभ नव्या दातांना पुढे ढकलते. दोन महिने लोटूनही दुधाचा दात हलत नसेल, तर मात्र तो काढून घ्यावा.

आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान वरच्या दोन मधल्या दातांत फट पडते आणि दात पंख्यासारखे बाहेर झुकलेले दिसतात. वरून उतरणारे सुळे त्यांच्या मुळांवर दाब देत असल्याने असे होते. सुळे खाली आले, की ही फट बहुतेक मुलांत आपोआप मिटते. या वयात तिच्यावर उपचार करण्याची घाई करू नये.

याउलट पुढील चिन्हे दिसल्यास दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा. तोंड मिटल्यावर वरचा पुढचा दात खालच्या दाताच्या आत जाणे. दाढा मिटलेल्या असूनही पुढच्या दातांत बोट जाईल एवढी पोकळी राहणे. वरचे दात इतके पुढे असणे की ओठ सहज मिटत नाहीत. एका बाजूचा नवा दात येऊन सहा महिने झाले तरी दुसऱ्या बाजूचा न येणे. आणि मिटताना जबडा एका बाजूस सरकणे. एखादा दात आत जाण्याचा दोष सातव्या-आठव्या वर्षी साध्या उपकरणाने थोड्या काळात सुधारता येतो. तसाच राहिला, तर दात झिजतात, हिरडी खचते आणि पुढे जबड्याची वाढही वाकडी होऊ शकते.

अंगठा आणि श्वास

तीन-चार वर्षांपर्यंत अंगठा चोखणे ही बालकाची स्वाभाविक सवय मानली जाते. परंतु कायमचे पुढचे दात येऊ लागल्यावरही ती टिकली, तर वरचे दात पुढे येतात, वरचा जबडा अरुंद होतो आणि पुढे पोकळी राहते. अंगठ्याला कडुलिंब किंवा मिरची लावणे, मारणे, चारचौघांत लाजविणे, हे उपाय बहुधा उलटतात. भीती वाढली की मूल अधिकच अंगठ्याकडे वळते. दिवस मोजून शाबासकी देणे, हातांना काम देणे आणि मूल बेचैन का आहे याचा शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

सतत तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे, रात्री घोरणारे आणि वर्गात पेंगणारे मूल आळशी असतेच असे नाही. नाकामागील ग्रंथी वाढल्याने किंवा दीर्घकाळच्या सर्दीमुळे त्याचा नाकाचा मार्ग अडलेला असू शकतो. याचाही परिणाम जबड्याच्या वाढीवर होतो. अशा मुलास आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखविणे योग्य.

वर्गात दिसणाऱ्या खुणा

दंतवैद्य वर्षातून एखादे वेळी मुलाला पाहतील. शिक्षक त्याला रोज पाहतात. शालेय पोषण आहाराच्या वेळी कोणते मूल एकाच बाजूने चावते, कोण भात नुसताच गिळते, गार पाणी पिताना कोण गालावर हात ठेवते, हे पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. वाचनाच्या तासाला पुढचे दात पडलेल्या मुलाचा ‘स’ घसरतो, ‘त’ आणि ‘द’ बोबडे येतात. तो उच्चारदोष नसून काही महिन्यांचा पाहुणा आहे, हे ओळखून त्यावरून रागावू नये आणि ‘बोळका’ म्हणून चिडविणाऱ्या मुलांनाही आवरावे. पुढे आलेल्या दातांमुळे हात तोंडावर ठेवून बोलणारी, प्रश्नाचे उत्तर येत असूनही उभी न राहणारी मुलगी वर्गात असेल, तर तिची अडचण अभ्यासाची नाही.

जेवणानंतर सर्व मुलांनी एकत्र चूळ भरण्याचा परिपाठ बिनखर्चाचा आहे. घरी रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे सकाळपेक्षाही अधिक महत्त्वाचे. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाने मुलाचे दात घासून द्यावेत किंवा जवळ उभे राहावे. वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. भरड राखुंडी आणि विटकरीची पूड यांनी दंतवल्क झिजते. मिश्री तर मुलाच्या हाती पडताच कामा नये, कारण ती जळलेली तंबाखूच होय. गणपतीला आणि शिमग्याला येणारे चाकरमानी प्रेमाने जो खाऊ आणतात, तो दिवसभर थोडा थोडा न देता जेवणाबरोबर द्यावा. दातांचे नुकसान गोड किती खाल्ले, यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, यावर अधिक अवलंबून असते.

खेळाच्या मैदानावरील एका प्रसंगाची माहिती प्रत्येक शिक्षकास हवी. खो-खो किंवा कबड्डी खेळताना कायमचा दात मुळासकट निखळून पडला, तर तो शेंड्याकडून धरावा, मुळास हात लावू नये, घासू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुऊन त्याच जागी बसवावा आणि मुलास स्वच्छ रुमाल चावून धरावयास सांगावे. ते जमत नसेल, तर दात दुधात ठेवून तात्काळ दंतवैद्यांकडे न्यावा. अर्ध्या तासाच्या आत हे झाले, तर दात वाचण्याची आशा बरीच असते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या दातास इजा होते.

तपासणी आणि पाठपुरावा

शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. तपासणीच्या विषयांत दातांच्या किडीचा समावेश आहे. पथक येण्यापूर्वी शिक्षकांनी आपल्या निरीक्षणावरून मुलांची यादी तयार ठेवली, तर थोड्या वेळात अधिक काम होते. जिल्ह्यात रत्नागिरी येथील जिल्हा रुग्णालय आणि खेड येथील दंत महाविद्यालय यांच्यापर्यंत मुले पोहोचू शकतात.

उपचारही पूर्वीइतके अवघड राहिलेले नाहीत. सहाव्या वर्षाच्या दाढेच्या खाचा पातळ लेपाने बुजविता येतात. वीज आणि यंत्र नसताना केवळ हाती उपकरणांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात टांझानियात विकसित झाली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली तिचा पुरस्कार केला. त्या भरणासाठी लागणारे सिमेंट आणि कीड थोपविणारे चांदीचे फ्लोराइडयुक्त द्रावण यांचा समावेश संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ मध्ये झाला. वाडीतील शाळेच्या ओसरीवरही करता येण्याजोगे हे उपचार आहेत.

खरी गळती होते ती तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये. चिठ्ठी मिळते, ती दप्तरात राहते. लावणी संपू द्या, वडील गणपतीला आले की पाहू, असे म्हणता म्हणता सहामाही उलटते. दात मात्र थांबत नाहीत. या ठिकाणी पंचायत सदस्यांचे कार्य सुरू होते. चिठ्ठी दिलेल्या मुलांची नावे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचणे, पाच-सहा मुलांना एकत्र नेण्यासाठी एका दिवसाची गाडी ठरविणे, सोबत एक पालक देणे आणि परत आल्यावर कोणाचे काय झाले, याची नोंद ठेवणे, एवढे गावाच्या आवाक्यातील आहे. दात काढून घेण्यासाठी बाजारच्या दिवशी बसणाऱ्या अनोंदणीकृत इसमाकडे कोणी जाऊ नये, हेही ग्रामसभेत सांगितले पाहिजे.

पहिलीच्या मुलाची आरोग्य नोंद भरताना उंची आणि वजनाच्या खाली आणखी एक ओळ लिहावी : सहाव्या वर्षाच्या दाढा किती आल्या आणि त्या निरोगी आहेत काय. तिसरीत आणि पाचवीत तीच ओळ पुन्हा भरावी. त्यासाठी मुलाला खिडकीजवळ उजेडात उभे करून ‘आ’ करावयास सांगणे एवढेच पुरेसे आहे. जी दाढ साठ-सत्तर वर्षे घास चावण्यासाठी आलेली असते, तिच्या स्वागतास कोणीतरी एक मिनिट द्यावे, एवढीच ही अपेक्षा आहे.